खंडेनवमीचं शून्य

माझा भाऊ धैर्यशील टांगलेल्या लोखंडी पेटीखाली वाकून उभा होता आणि पेटीच्या तळाला चिकटलेली वाळू हवेच्या नळीनं झाडत होता. साच्याची ती पेटी पाचेक टनांची तरी होती. ज्या क्रेनच्या हुकाला ती टांगली होती, त्या क्रेनच्या गर्डरवर हिरवी पाटी चमकत होती आणि पाटीवर लिहिलं होतं, भार शून्य.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्यच होतं.

"धैर्या, बाहेर ये," मी म्हणाले.

"आक्का, तू क्रेन तपासायला आलीयास का मला सांभाळायला?" त्यानं खालूनच विचारलं. आजूबाजूची माणसं हसली. तो काही बाहेर आला नाही.

मी वृषाली चौगले. कारखान्यांतल्या क्रेन तपासणं हा माझा पेशा. एके काळी मी शिडीवरून गर्डरवर चढायचे, ब्रेक उघडून बघायचे, वायरच्या दोरावरून चिंधी फिरवून तुटके धागे शोधायचे. आता माझ्या कामाला अनुपालन पाहणी म्हणतात. रंग उडालाय का, शिडीला कठडा आहे का, पाटी सगळ्यांना दिसते का, एवढं बघायचं, टॅबवर खुणा करायच्या आणि चहा पिऊन निघायचं. क्रेन धड आहे की नाही हे माणसानं ठरवायचे दिवस गेले. ते आता तंतू ठरवतो, आणि खरं सांगते, मला त्याचा राग येतो.

तंतू म्हणजे केसाहून बारीक काच. क्रेनच्या दोरात आणि गर्डरच्या पोटाशी तो ओवलेला असतो. त्याच्या एका टोकानं उजेड सोडतात. लोखंड ताणलं की काचही ताणते आणि परत येणाऱ्या उजेडात फरक पडतो. त्या फरकावरून हुकाला या क्षणी किती वजन आहे ते कळतं. वजन कळलं की झीज काढता येते. इथली गंमत अशी की वजन दुप्पट केलं म्हणून झीज दुप्पट होत नाही, ती आठपट होते. प्रत्येक उचलीला क्रेनचा एकेक भाग किती झिजला, याची बेरीज यंत्र करत राहतं आणि उरलेलं आयुष्य पाटीवर दाखवतं.

पूर्वी हे कुणाला कळायचं नाही. म्हणून जुनी माणसं हुक आणि दोर लागतील त्याच्या पाचपट ताकदीचे घ्यायची आणि जरा शंका आली की बाद करायची. तंतू आल्यावर कंपन्यांनी सरकारला विचारलं, आता सगळं माहीत आहे तर पाचपट कशाला? दीडपट पुरे. सरकारला ते पटलं. त्याच माहितीच्या जोरावर आणखी एक नियम गेला. लटकत्या वजनाखाली उभं राहायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकायचो. आता पाटी हिरवी असेल तर खाली उभं राहून काम करायला परवानगी आहे. पेटी उतरवा, उलटी करा, झाडा, पुन्हा उचला, हा सगळा वेळ वाचतो.

त्या वाचलेल्या वेळात माझा भाऊ उभा होता.

"हे शून्य काय आहे?" मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं.

"हलकं वजन त्याला कळत न्हाई, मॅडम. पहिल्यापास्नं तसंच हाय."

"पाच टन हलके?"

"वीस टनी क्रेनला काय ते. आमी त्याला फुकटची उचल म्हणतोय. आयुष्य खर्चीच पडत न्हाई."

लोखंड ओतायच्या या फाउंड्रीचे मालक प्रशांत कुरणे. आजोबांनी कोल्हापूरजवळ शिरोलीत भट्टी पेटवली, तेव्हापासूनचा कारखाना. साखर कारखान्यांना लागणारे मोठाले रोलर ओतायचा. माणूस सज्जन, गोड बोलणारा. त्यांच्या केबिनमध्ये एक मानपत्र टांगलं होतं. जिल्ह्यात सगळ्यात कमी झिजलेली क्रेन त्यांची, म्हणून तंतूच्या कंपनीनं ते दिलं होतं.

"कुणी काहीही म्हणो, ताई, क्रेन आहे दणकट," ते चहा पुढे सरकवत म्हणाले. "परवा चोवीस टनांचा ओतलेला डाग उचलला. हू की चू नाही. पाटीवर अठरा."

मी चहा तसाच ठेवला. क्रेन वीस टनांची होती. त्यावरचं वजन उचललं की ती आपोआप थांबायला हवी.

बाहेर येऊन मी हुक रिकामा करायला लावला आणि टॅबवर तंतूचे कच्चे आकडे उघडले. ते कुणी उघडत नाही. रिकाम्या हुकाचं वजन उणे सहा टन होतं.

तंतूच्या कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी फोनवर फार नम्र होती. "मॅम, वजन उणे नसतंच. ते आम्ही अडथळा समजतो आणि पाटीवर शून्य दाखवतो."

वजन उणे नसतं हे खरं आहे. पण शून्यच चुकीच्या जागी धरलं असेल तर असतं. तंतू काचेचा, उन्हाळ्या-हिवाळ्यानं तो सरकतो, म्हणून वर्षातून एकदा त्याला रिकामा हुक म्हणजे काय ते नव्यानं शिकवावं लागतं. मी विचारलं, हे कधी होतं? तिनं कौतुकानं सांगितलं, की कंपनीनं सगळ्या क्रेनांचे आकडे चाळून असा दिवस शोधला, ज्या दिवशी वीज चालू असते पण एकही क्रेन हलत नाही. दिवाळीत लोक मेन स्विच बंद करून जातात. खंडेनवमीला मात्र दिवे, माळा, पूजा सगळं असतं आणि यंत्राला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी भर दुपारी शून्य आपोआप धरलं जातं.

कल्पना हुशार होती. ज्यानं काढली त्यानं कोल्हापुरातली खंडेनवमी पाहिली नव्हती, एवढंच.

फाटकाच्या आत, भिंतीच्या कडेला एक रोलर पडून असतो. सहा टनांचा, काळा, अंगावर कुंकवाचे थर. कुरण्यांच्या आजोबांनी ओतलेला पहिला रोलर. ओतताना आत हवा अडकली आणि अंगावर मुठीएवढा खड्डा राहिला, म्हणून गिऱ्हाइकानं तो परत पाठवला. आजोबांनी वितळवू दिला नाही. पहिलं लेकरू आहे म्हणाले. तेव्हापासून दर खंडेनवमीला तो उचलून हुकाला टांगायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि संध्याकाळची आरती होईपर्यंत तसाच ठेवायचा. सणाच्या दिवशी हुक रिकामा ठेवायचा नाही, ही तिथली रीत.

त्या रोलरचा साचा आमच्या आबांनी बांधला होता. आबा म्हणजे आमचे वडील. तो खड्डा त्यांना आयुष्यभर लागून राहिला होता आणि खंडेनवमीला रोलरला पहिला हार घालायचा मानही त्यांचाच होता. वाळूच्या धुरळ्यानं छाती भरून आबा गेले. मग तो मान धैर्याकडे आला.

दुपारच्या सुट्टीत मी त्याला फाटकाबाहेरच्या गाड्यावर गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. यंत्राला रोलरसकट हुक म्हणजे रिकामा हुक वाटतो. त्यामुळे अठरा टन उचलले की त्याला बारा दिसतात. झीज ते धरतं त्याच्या तिपटीहून जास्त होते. तो कटात वडा बुडवत ऐकत होता.

"म्हंजे आबांच्या रोलरनं क्रेन मारली म्हणतीयास तू."

"रोलरनं नाही रे. शून्य चुकल्यानं."

"शून्य कशानं चुकलं?"

"रोलर टांगला होता म्हणून."

"मग तेच की."

मला हसूही आलं आणि रडूही. "धैर्या, मी आबांना नावं ठेवत नाहीये."

"तंतू नव्हता तवापास्नं टांगतोय आपण. तवा काय झालं न्हाई ते?"

"तेव्हा सगळं पाचपट होतं."

त्यानं वडा बाजूला सारला. "आक्का, तुझं काम काय? पाटी दिसती का बघायचं. दिसती. सही कर आन जा. हे वर गेलं तर क्रेन थांबंल. आमची एकच मोठी क्रेन. ती थांबली की फाउंड्री थांबली. आत किती माणसं हैत तुला ठाऊक हाय."

"त्या माणसांत तू आहेस. तू त्या पेटीखाली असतोस."

"असतोय. मग मी बघंन माझं."

तो उठून आत गेला. मला त्याचा फार राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

प्रशांत कुरण्यांनी मात्र माझं ऐकलं. सुट्टीच्या दिवशी हुक उतरवून खोलायला त्यांनी परवानगी दिली. हुकाचा वरचा दांडा नटात अडकलेला असतो. आट्यांचा तो भाग आत झाकलेला राहतो, तिथे तंतू लावताच येत नाही. त्याचं आयुष्य यंत्र नुसत्या गणितानं काढतं. आणि दगा देतो तो नेमका तिथेच. मी घरून रॉकेलची बाटली आणि खडू घेऊन गेले होते. फाउंड्रीतली ही फार जुनी पद्धत आहे. लोखंडाला रॉकेल माखायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडू घासायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर रेघ ओली होते.

प्रशांत आणि मी बघत बसलो. पहिल्या आट्याच्या मुळाशी पांढऱ्यावर काळसर रेघ उमटली. ती वाढत दांड्याच्या अर्ध्याहून जास्त वेढ्यात गेली.

प्रशांतनी बोट लावून पाहिलं. "पण पाटीवर निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक आहे."

"ते रोलर वजा करून."

ते फाटकाजवळ जाऊन त्या रोलरवरच बसले.  मग म्हणाले, "ताई, तुम्ही लिहा. उद्या कुणाच्या घरी जाऊन मी काय सांगू?" त्या दिवशी मला तो माणूस फार मोठा वाटला.

मी लिहिलं. कंपनीनं शून्य दुरुस्त केलं, जुन्या सगळ्या उचली नव्यानं मोजल्या आणि पाटी लाल झाली. नुसता हुकच गेला असता तर बदलता आला असता. गर्डरचे जोड, चाकं, गिअरचा डबा, सगळ्यांचं आयुष्य कधीच उलटून गेलं होतं. नव्या क्रेनसाठी रांग लागलेली. विमा कंपनीनं हात वर केले. रोलरचं काम दुसरीकडे गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडाला कुरण्यांच्या भट्टीतला धूर थांबला.

शेवटच्या दिवशी मी फाटकावर गेले होते. का गेले ते आजही सांगता येत नाही. माणसं माझ्याकडे न बघता बाहेर पडत होती. ज्या सुपरवायझरनं मला फुकटच्या उचलीचं सांगितलं होतं, तो दुसऱ्या बाजूनं निघून गेला. धैर्या सगळ्यांत शेवटी आला. हातात जेवणाचा डबा आणि हवेची नळी होती.

"माझ्या अंगावर पडलं असतं तर परवडलं असतं, आक्का," तो शांतपणे म्हणाला. "हे समद्यांच्या अंगावर पाडलंस."

 तू जिवंत आहेस, एवढं तरी म्हणायचं होतं. पण बाहेर पडलेली माणसं अजून फाटकापाशीच होती आणि त्यांच्या घरच्या चुलीपुढे ते बोलणं फार स्वस्त वाटलं असतं.

तो माझ्याशी बोलायचा थांबला. चंद्रपूरकडे कुठल्याशा फाउंड्रीत काम मिळालंय, हे मला वहिनीकडून कळलं. मी राखी पोस्टानं पाठवली. पोचली की नाही, काही कळलं नाही.

क्रेनच्या बाबतीत मी एकच मागणी धरून बसले होते. हुकावर मी लाल रंगानं मोठ्या अक्षरांत बाद असं लिहिलं होतं, आणि तो गॅसनं कापून त्याचे दोन तुकडे करा, असं प्रशांतना सांगितलं होतं. कापतो म्हणाले होते. मग बँकेनं कारखाना ताब्यात घेतला, सगळं सामान एका व्यापाऱ्यानं एकगठ्ठा उचललं आणि मी चौकशीला गेले तेव्हा शेड मोकळी होती. फाटकाजवळ रोलरच्या जागी नुसता ओरखडा उरला होता.

"माझ्या हातात काही राहिलं नाही, ताई," प्रशांत फोनवर म्हणाले. आवाजावरून ते रडत असावेत.

मी कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब माझ्या ओळखीचे होते, एके काळी माझ्याबरोबर गर्डरवर चढलेले. त्यांनी खुर्ची दिली.

"ती क्रेन कुठेतरी पुन्हा उभी राहणार," मी म्हणाले. "हुकात अर्ध्याहून जास्त चीर आहे. माझा अहवाल तिच्या मागे जायला हवा."

"वृषाली, नव्या नियमात माणसाचा अहवाल म्हणजे मत. तंतूचा आकडा म्हणजे मोजमाप. मत क्रेनबरोबर जात नाही."

"मग मोजमाप तरी जाऊ दे. पाटी लाल झाली होती."

"तो तंतू काढला. नव्या जागी नवा लागेल. तो बघेल की."

"तंतू मागचं बघत नाही, साहेब. लावल्या दिवसापासून मोजतो. त्याच्या लेखी ती क्रेन कालच जन्मली."

 त्यांना सगळं कळत होतं, हेच मला सहन होईना. "कंपनीनं सुधारणा केली आहे म्हणे," ते म्हणाले. "आता शून्य धरण्याआधी यंत्र विचारतं, हुक रिकामा आहे का? हो किंवा नाही."

"आणि लोक काय दाबतात?"

साहेबांनी फाइल मिटली.

त्यानंतर मी ती क्रेन शोधत राहिले. जुन्या क्रेनांच्या व्यापाऱ्यांना फोन केले, ओळखीच्या मिस्त्रींना फोटो पाठवले. कुणाला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. रंग बदलला की सगळ्या क्रेन सारख्याच दिसतात. हळूहळू मी स्वतःला समजावायला लागले, की वितळवली असेल. धैर्या बोलत नसला तरी दूर, दुसऱ्याच क्रेनखाली आहे, या गोष्टीचाही आधार वाटायचा. आता ते आठवलं की लाज वाटते.

खंडेनवमीच्या सकाळी त्याचा फोटो आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

पिवळ्याधमक रंगाची क्रेन. हुकाला रोलर टांगलेला, झेंडूच्या माळांनी भरलेला, आणि माळांच्या फटीतून अंगावरचा तो मुठीएवढा खड्डा दिसत होता. रोलरखाली धैर्या नव्या शर्टात उभा. मनगटावर माझी राखी होती. आमच्याकडे राखी दसऱ्यापर्यंत ठेवतात. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "आक्का, राग सोड. आबा बी आले हितं."

 मी लगेच त्याला फोन लावला.

"बोल आक्का," तो म्हणाला. आवाज आनंदी होता.

"ही क्रेन आपलीच आहे?"

"मग कुणाची? क्रेनबरोबर मलाबी घेतलं मालकानं. हिची नस माझ्याइतकी कुणाला ठावी? आन रोलर मी मागून घेतला. ट्रेलरमधी जागा दिली बिचाऱ्यानं. हितल्या माणसांनाबी सांगितलं, सणाला हुक रिकामा ठेवायचा न्हाई."

"धैर्या, तो हुक बाद आहे. मी त्याच्यावर लिहिलं होतं."

"ते पुसून रंगवलंय. नवा तंतू हाय. पाटी हिरवीगार हाय, पुरं आयुष्य दाखवती."

"हुक खोल. रॉकेल आणि खडू लाव. आबांनी शिकवलंय तुला. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

"हुकाला हात लावला तर गॅरंटी जाती. कामावर लागतानाच लिहून घेतात हितं." मग म्हणाला, "आक्का, आजचा दिवस तरी नको."

मला दिसत होतं, की आणखी एक शब्द बोलले तर हा फोन बंद होईल आणि पुन्हा कधी येणार नाही. मी विचार केला, काय वाचवता येईल? चीर मला इथून बुजवता येत नव्हती. शून्य तरी खरं धरलं गेलं, तर निदान जड डाग उचलताना क्रेन वेळेवर थांबेल.

"बरं, एक ऐक," मी म्हणाले. "दुपारी ते यंत्र शून्य धरतं. त्याच्या आत रोलर खाली घे. धरून झालं की पुन्हा टांग. घटकाभराचं काम आहे."

"पूजा झालीया. आरतीआधी उतरवत न्हाईत, तुला ठाऊक हाय."

"आबांनी उतरवला असता. मी सांगितलं असतं तर त्यांनी उतरवला असता."

पलीकडे ढोल-ताशा वाजत होता. त्या आवाजातून तो म्हणाला, "बरं. उतरवतो."

"खरं?"

"तुझी शपथ. आता रडू नकोस. जेवलीस का?"

"जेवते," मी म्हणाले.

दुपारभर मी घरातल्या घरात फिरत होते. चीर तर होतीच. पण तो बोलत होता. दसरा झाला की जाईन, त्याच्या मालकाच्या पाया पडेन, हुक खोलायला लावेन, असं मी ठरवलं. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

चारच्या सुमाराला दुसरा फोटो आला. प्रसादाचे द्रोण हातात घेऊन सगळे कामगार उभे होते आणि मधोमध धैर्या. खाली लिहिलं होतं, "उतरवला बघ. आता तरी हास."

मी हसले. मग फोटो मोठा करून बघायला लागले, त्याची तब्येत कशी आहे ते बघावं म्हणून.

फोटो काळजीपूर्वक काढला होता. माणसांच्या डोक्यांच्या जरा वर तो कापलेला होता. पण त्या वरच्या कडेला झेंडूच्या माळेचं एक टोक लोंबत होतं आणि माळेच्या मागे काळ्या ओतीव लोखंडाची बोटभर कड दिसत होती. मागच्या गर्डरवर पाटी स्पष्ट वाचता येत होती. हिरवी. भार शून्य.

मी त्याला फोन लावला. तो वाजत राहिला. वहिनीला लावला, ती माहेरी होती. फाउंड्रीचा नंबर शोधून लावला. ज्यानं उचलला त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी क्रेन तपासते. धैर्यशीलची बहीण आहे."

"आपलं मत लिहून पाठवा, मॅडम. सण झाला की बघू. उद्या सकाळी मुहूर्ताची ओतणी आहे. मोठा डाग आहे, सगळे गडबडीत आहेत."

मी मत लिहिलं आणि पाठवलं. मग पिशवीत दोन साड्या, रॉकेलची बाटली आणि खडू टाकला. कोल्हापूर आणि चंद्रपूर म्हणजे महाराष्ट्राची दोन टोकं. संध्याकाळी जी गाडी मिळाली तिच्यात मी खिडकीशी बसले आणि पुन्हा पुन्हा त्याला फोन लावत राहिले. गाडी उद्या दुपारी पोचते, असं कंडक्टर म्हणाला. मुहूर्ताची ओतणी सकाळी असते, आणि त्याआधी कुणीतरी टांगलेल्या पेटीखाली उभं राहून तिची वाळू झाडावी लागते. ते काम तिथे धैर्याइतकं चांगलं कुणाला येत नाही.